मुलांची रग्बी : टचलाइनवरचे वागणे आणि रेफरीचा मान – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांत क्रिकेट मुरलेले आहे, कबड्डी आणि खो-खो ओळखीचे आहेत. रग्बी मात्र मुलगा किंवा मुलगी खेळायला लागल्यावरच घरात येते. त्यामुळे मैदानाबाहेर उभे राहिलेले आई-बाबा, आजोबा, मामा हा खेळ पहिल्यांदाच पाहत असतात आणि क्रिकेटच्या सवयी सोबत घेऊन आलेले असतात. पुढचे प्रश्न त्यांचे आहेत. काही उत्तरे प्रशिक्षकांसाठी आणि सामने भरवणाऱ्यांसाठीही आहेत, कारण टचलाइनवरची शिस्त निम्म्याहून अधिक त्यांनी आधी केलेल्या तयारीवर ठरते.

टचलाइन म्हणजे नेमकी कोणती रेषा? आम्ही कुठे उभे राहायचे?

मैदानाच्या दोन लांब बाजूंना असलेली रेषा म्हणजे टचलाइन. चेंडू हातात असलेल्या खेळाडूचा पाय या रेषेवर पडला तरी चेंडू बाहेर गेला असे धरतात. रेषा ओलांडावी लागत नाही. म्हणून टच जजला, म्हणजे झेंडा घेऊन रेषेवर उभ्या असलेल्या पंचाला, ती रेषा शेवटपर्यंत मोकळी दिसली पाहिजे. बूट रेषेला टेकवून उभा असलेला प्रेक्षक नकळत निर्णयच झाकतो.

नियमांनुसार मैदानाभोवती किमान ५ मीटर मोकळी पट्टी असावी. ही पट्टी खेळाडूंसाठी असते. पूर्ण वेगात धावणाऱ्या मुलाला टॅकल होतो, म्हणजे समोरचा त्याला धरून खाली पाडतो, तेव्हा दोघेही घसरत रेषेच्या तीन-चार मीटर बाहेर येतात. तिथे खुर्ची, मोटारसायकल, डबे किंवा धाकटे भावंड असेल तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

सगळे प्रेक्षक, दोन्ही संघांचे, एकाच लांब बाजूला. प्रशिक्षक, बदली खेळाडू, पाणी आणि प्रथमोपचार समोरच्या बाजूला. गोल लाइनच्या, म्हणजे दोन्ही टोकांच्या आडव्या रेषांच्या, मागे कोणीही नाही, कारण ट्राय (चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणे) तिथेच होतो आणि किक मारलेले चेंडूही तिथेच येतात. ही एक गोष्ट नीट जमली की अर्धे वाद उद्भवतच नाहीत. प्रशिक्षक आणि पालक शेजारी उभे राहिले की एकाची कुरकुर दुसऱ्याला लागते आणि दोघांचा आवाज चढत जातो.

दोरी कशी बांधायची?

दोरी बांधूच नका. बॅरिकेडची प्लॅस्टिक पट्टी वापरा, जी अंगाचा भार पडताच तुटते. ताणून बांधलेल्या नायलॉन दोरीवर धावते मूल आदळले तर गळ्याला किंवा छातीला इजा होते. शंभर मीटर लांबीच्या मैदानाला एका बाजूला दर १० मीटरवर एक खांब धरला तर ११ खांब लागतात. खांब म्हणजे शंकूत खोचलेल्या हलक्या प्लॅस्टिकच्या काठ्या. लोखंडी सळ्या आणि बांबू नकोत. पट्टी मोठ्यांच्या कमरेइतक्या उंचीवर आणि टचलाइनपासून मोजून ५ मीटर. पावलांनी अंदाज घेतला की ती हमखास साडेतीनवर येते, म्हणून टेप लावा.

रेषा आखायला कळीचा किंवा विरवलेला चुना घेऊ नका. टॅकलमध्ये तोंड जमिनीला लागते आणि चुना डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो. खडूची पूड घ्या. आपल्या माळव्यातली काळी माती हिवाळा सरता सरता कडक होते आणि भेगाळते. अशा जमिनीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारले तर रेषाही धरून राहते आणि गुडघेही वाचतात.

रेफरीचे लक्ष नसेल तर आम्ही ओरडून सांगितले, त्यात काय बिघडले?

इंदूरमध्ये हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याचे मूळ क्रिकेटमध्ये आहे. क्रिकेटच्या ३१व्या नियमानुसार क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने अपील केल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देत नाहीत. म्हणजे तिथे ओरडणे हा खेळाचाच भाग आहे. होळकर स्टेडियमच्या स्टँडमध्ये बसलेला माणूसही खेळाडूंबरोबर ‘हाउज दॅट’ म्हणतो. रग्बीत अपील नाही. रेफरी कोणी विचारायची वाट पाहत नाही आणि विचारल्यामुळे निर्णय देतही नाही. सामन्यात काय घडले आणि नियम काय सांगतो, या दोन्हींचा निवाडा करणारा तो एकटाच.

रेफरी काय पाहत असतो हे लक्षात घेतले तर ओरडणे का नडते ते कळते. एक टॅकल झाला की त्याला दोन-तीन सेकंदांत इतके पाहायचे असते : टॅकल खांद्यांच्या वर तर नव्हता ना, टॅकल करणाऱ्याने पकड सोडली का, तो बाजूला सरकला का, खाली पडलेल्याने चेंडू सोडला का, चेंडूवर हात घालणारा स्वतःच्या पायांवर उभा आहे का, बाकीचे बाजूने घुसत आहेत की मागून येत आहेत, आणि बचाव करणारी रांग ऑफसाइड, म्हणजे ठरलेल्या रेषेच्या पुढे, आहे का. यातले निम्मे त्याला कानांनी कळते. त्याच क्षणी वीस जण ‘सर, ऑफसाइड!’ म्हणाले तर त्याची नजर रांगेकडे वळते आणि मानेवर पडलेला हात निसटतो. तुमच्या मुलाची मान वाचवणारे डोळे तुम्हीच दुसरीकडे वळवलेले असतात.

मग गप्पच उभे राहायचे?

अजिबात नाही. टाळ्या वाजवा, नाव घेऊन शाब्बास म्हणा. ‘मस्त टॅकल!’, ‘चला, उठा, परत रांगेत!’, ‘वा, काय पळाली!’ हे सगळे चालते आणि मुलांना ते ऐकू येते. समोरच्या संघाने छान ट्राय केला तर त्यालाही टाळ्या द्या.

सूचना देऊ नका. ‘पास दे’, ‘किक मार’, ‘उजवीकडे जा’ हे शब्द प्रशिक्षकाच्या सांगण्याच्या उलट असतात किंवा एक सेकंद उशिरा पोहोचतात. दहा वर्षांचे मूल आईचा आवाज ऐकून मान वळवते आणि तेवढ्यात त्याला टॅकल बसतो. न पाहता लागलेला टॅकल सगळ्यांत जास्त लागतो.

शिट्ट्या, पिपाण्या, भोंगे, ढोल आणू नका. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीला ढोल हवेतच, इथे नकोत. शिट्टी वाजली की तत्क्षणी थांबायचे, हे मुलांच्या अंगी बाणवलेले असते. प्रेक्षकाने वाजवलेल्या शिट्टीवर एक जण थांबतो, दुसरा थांबत नाही आणि बेसावध थांबलेल्याला मार बसतो.

किक मारणारा उभा राहिला की दोन्ही बाजूंनी शांतता, मग तो कोणत्याही संघाचा असो. ही रग्बीची जुनी रीत आहे.

स्क्रमच्या वेळी आवाज नको असे का सांगतात?

स्क्रममध्ये दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना बांधून, डोकी खाली घालून भिडतात. रेफरी तीन शब्द देतो : ‘क्राउच’, ‘बाइंड’, ‘सेट’. तिसऱ्या शब्दावरच भिडायचे. एका बाजूला शब्द ऐकू आला आणि दुसरीला आला नाही तर एकच बाजू आधी घुसते, समोरच्याच्या मानेवर वजन येते आणि स्क्रम कोसळतो. १९ वर्षांखालील गटात स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही. हे सगळे नियम मान आणि पाठीचा कणा सांभाळण्यासाठीच आहेत. त्या चार-पाच सेकंदांत टचलाइनवर नुसते कुजबुजणेही नको.

पास तर सरळसरळ पुढे गेला! रेफरीला दिसत नाही का?

रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही हे खरे. तरी बहुतेक वेळा रेफरीचेच बरोबर असते आणि यामागे साधे गणित आहे. मुलगा सेकंदाला ५ मीटर वेगाने धावतोय असे धरा. पास अर्धा सेकंद हवेत आहे. चेंडू त्याच्या हातात असताना तोही त्याच वेगाने पुढे जात होता, म्हणून हातातून सुटल्यावरही तो वेग त्याच्यासोबत राहतो : अर्ध्या सेकंदात अडीच मीटर. मुलाने स्वतःच्या मानाने तो सेकंदाला १ मीटर इतका मागे फेकला असेल, तर मागे जाणे झाले अर्धा मीटर. हवेचा रोध बाजूला ठेवला तर जमिनीच्या मानाने चेंडू २ मीटर पुढे पडला आणि तरीही पास नियमात आहे. रेफरी चेंडू कुठे पडला ते पाहत नाही. पास करताना हात कोणत्या दिशेला गेले ते पाहतो. पास दिल्यावर त्या मुलाला लगेच टॅकल झाला आणि तो जागीच थांबला, तर बाहेरून पास आणखीच पुढे गेल्यासारखा दिसतो.

चूक झाली हे दिसते, तरी शिट्टी का वाजत नाही?

कारण ज्या संघावर अन्याय झाला त्याच्याकडेच चेंडू आहे आणि त्याला पुढे जायची संधी मिळतेय. याला ॲडव्हांटेज म्हणतात. रेफरी कमरेच्या उंचीवर एक हात त्या संघाच्या दिशेने पसरतो. फायदा झाला नाही तर तो शिट्टी वाजवून मूळ जागी परत आणतो. ‘सर, सीटी बजाओ’ असे ओरडणारे आपल्याच मुलांचा हल्ला थांबवायला सांगत असतात.

बाकीच्या खुणा ओळखता आल्या तरी बरीच चिडचिड कमी होते. सरळ हात तिरका वर, म्हणजे त्या संघाला पेनल्टी. कोपरात वाकवलेला हात, म्हणजे फ्री किक. आडवा सरळ हात, म्हणजे स्क्रम. डोक्यावर उघडा पंजा पुढे-मागे हलवला तर नॉक-ऑन, म्हणजे हातातून चेंडू पुढे पडला. मानेसमोरून आडवा हात फिरवला तर उंच टॅकल. थेट आकाशाकडे हात, म्हणजे ट्राय. सामन्याआधी पाच मिनिटे कोणी या सहा खुणा करून दाखवल्या तर ते पालकांना दिलेल्या कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडते.

मुलानेच रेफरीशी वाद घातला तर?

नियम ९.२८ : खेळाडूने सामनाधिकाऱ्यांचा मान राखावा, निर्णयावर वाद घालू नये आणि शिट्टी वाजताच थांबावे. मोडला तर पेनल्टी.

हे मैदानावर कसे घडते ते पाहा. टॅकल झाल्यावर मुलाने चेंडू सोडला नाही. पेनल्टी. मुलगा दोन्ही हात पसरून म्हणतो, ‘सर, मैंने तो छोड़ दिया था.’ रेफरी काही न बोलता १० मीटर पुढे चालत जातो आणि पेनल्टीची जागा तिथे येते. मुलगा हवेत हात झटकतो. आता पिवळे कार्ड. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, पिवळ्या कार्डाचे २ मिनिटे बाहेर. एक डाव ७ मिनिटांचा, म्हणजे १४ मिनिटांच्या सामन्याचा सातवा हिस्सा सहा जणांनी खेळायचा. पंधरांच्या खेळात हीच शिक्षा १० मिनिटांची असते. लाल कार्ड मिळाले तर उरलेला पूर्ण सामना बाहेर.

शब्द नसले तरी वाद होतोच. हात पसरणे, डोळे फिरवणे, चेंडू जमिनीवर आपटणे, कार्ड दाखवा अशी खूण करणे, हे सगळे त्यात आले. प्रशिक्षकांना आमचे आग्रहाचे सांगणे : रेफरीने कार्ड काढायची वाट पाहू नका. हात पसरलेला दिसला की तुम्हीच बदली करा, मग तो संघातला सर्वांत वेगवान मुलगा असला तरी. ‘तू चांगला खेळतोयस, पण सरांशी बोलणे कॅप्टनचे काम आहे’ एवढेच सांगा आणि दोन मिनिटांनी परत पाठवा. संपूर्ण संघाला ओरडून दिलेल्या ताकिदीचा असा उपयोग होत नाही.

कॅप्टनने तरी कसे विचारायचे?

खेळ थांबलेला असताना, एकट्याने, दोन हात अंतर ठेवून. ‘सर, पेनल्टी कशाची होती? मुलांना सांगतो म्हणजे परत होणार नाही.’ अशा प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक रेफरी उत्तर देतो, कारण त्यामुळे त्याचेही काम सोपे होते. ‘सर, ते पण तेच करतायत’ ही तक्रार आहे, प्रश्न नाही. त्याऐवजी ‘सर, रकमध्ये त्यांचा सात नंबर बाजूने येतोय असे वाटते, पुढच्या वेळी पाहाल का?’ असे म्हटले तर रेफरीला नेमकी जागा कळते. (रक म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही संघांचे उभ्याने भिडणे.) एका डावात अशी विनंती एकदा, फार तर दोनदा. रेफरी बाई असतील तर ‘मॅडम’. आपल्या मुलांना सर-मॅडम म्हणायची शाळेची सवय आहेच, ती इथे कामी येते.

फक्त कॅप्टनने बोलायचे ही रीत रग्बीत इतकी रुळलेली आहे की २०२४च्या युरो स्पर्धेत फुटबॉलनेही तशीच पद्धत लागू केली.

प्रशिक्षकाला किती मोकळीक आहे?

त्याला त्याच्या ठरलेल्या चौकोनात उभे राहून आपल्या खेळाडूंशी बोलायची मोकळीक आहे. टचलाइनवर रेफरीसोबत वर-खाली धावायची नाही. पाणी देणारा किंवा प्रथमोपचाराचा माणूस मैदानात गेला तरी तो रेफरीला काही सुनावू शकत नाही. जखमी खेळाडूबद्दल बोलणे एवढाच अपवाद. पाण्याच्या बाटलीबरोबर रेफरीविषयीची कुरकुर आत पाठवणारे प्रशिक्षक दिसतात आणि त्यांच्या संघाला शेवटच्या मिनिटांत पेनल्ट्या का पडतात याचे त्यांना नवल वाटते. मुले प्रशिक्षकाचे शब्द विसरतील, पण त्याचा वैताग बरोबर उचलतात.

सामन्याआधी प्रशिक्षकाने रेफरीला जाऊन भेटावे, मुलांचे वयोगट आणि पहिल्यांदा खेळणाऱ्यांचे नंबर सांगावेत. पुढच्या फळीतले मूल स्क्रममध्ये नवखे असेल तर ते आवर्जून सांगावे.

हातातला धागा, ताईत, कडे काढायला लावतात. हा आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

या मुद्द्यावर सामना सुरू होण्याआधीच तोंडे वाजतात, म्हणून सविस्तर सांगतो. नियम ४ नुसार दागिने घालून खेळता येत नाही. कडे, अंगठी, साखळी, कानातले, नाकातली चमकी, पैंजण, धातूचा ताईत, सगळे काढायचे. कारण सरळ आहे : टॅकल करताना बोटे कपड्यांत अडकतात, अंगठीने बोट सोलले जाते, कानातले ओढले तर पाळी फाटते, कड्याने समोरच्याचा दात पडतो. मऊ सुती धागा, जानवे किंवा करगोटा धातूविना आणि अंगाला चिकटून असेल, तर रेफरीला आधी दाखवून त्यावर टेप लावण्याची परवानगी मागता येते. पण कोणती वस्तू धोक्याची आहे हे ठरवायचा अधिकार सामन्याआधी आणि सामना चालू असतानाही रेफरीचाच आहे. टेप लावलेले कडे चालत नाही; टेपखाली ते तितकेच कडक असते.

घरूनच काढून या. मैदानावर आजीसमोर ताईत काढायला लावणे मुलालाही जड जाते आणि रेफरीलाही. चमकी सहज निघत नसेल तर आदल्या दिवशी सोनाराकडून काढून घ्या. नखेही कापा, ती तपासतात. बुटांचे स्टड झिजून धारदार झालेत का ते तळव्याने चाचपून पाहा.

मूल पडले आणि उठत नाही. आत धावू का?

नाही. जीव कासावीस होतो हे समजते, पण खेळ अजून चालू असू शकतो आणि धावत आलेल्या पालकावर दोन मुले आदळू शकतात. प्रथमोपचाराची व्यक्ती आत जाते. धोका दिसला तर रेफरी खेळ थांबवतो. तुम्हाला बोलावले तर चालत या आणि मुलाला ओढून उठवू नका. मानेला दुखापत असेल तर उठवण्यानेच खरे नुकसान होते.

डोक्याला मार लागल्याची शंका आली तर रग्बीत एकच मार्ग : ओळखा आणि बाहेर काढा. गोंधळलेली नजर, तोल जाणे, उलटी, डोकेदुखी, स्कोअर किंवा समोरचा संघ न आठवणे, यांतले एकही चिन्ह दिसले तर त्या दिवशी परत खेळायचे नाही. मूल म्हणते ‘मी ठीक आहे’, पालक म्हणतात ‘फायनल आहे, पाच मिनिटेच राहिलीत’. रेफरी तरीही बाहेर काढू शकतो आणि त्याने काढावेच. या निर्णयावर वाद घालणे हा टचलाइनवरचा सर्वांत घातक वाद आहे. त्या रात्री मुलाला एकटे झोपू देऊ नका, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगेपर्यंत टॅकल बंद.

एखादा पालक आवाज चढवत असेल तर त्याला कोणी सांगायचे?

रेफरीने नाही. रेफरी प्रेक्षकांशी बोलायला लागला की सामना हातातून जातो. प्रत्येक संघाचा एक पालक-प्रतिनिधी आधी ठरवा आणि त्याला केशरी जाकीट द्या. तो आपल्याच संघाच्या लोकांशी बोलतो, समोरच्यांशी कधीही नाही. समोरच्या संघाचा कोणी ओरडत असेल तर त्यांच्या जाकीटवाल्याला सांगायचे.

पहिली पायरी म्हणजे नुसते त्याच्या शेजारी जाऊन उभे राहणे. पुष्कळदा एवढ्यानेच आवाज उतरतो. नाही उतरला तर हळू आवाजात, खांद्याला खांदा लावून : ‘काका, जरा माझ्याबरोबर येता? पट्टीच्या मागून चांगले दिसते.’ चेहऱ्यासमोर उभे राहू नका आणि चारचौघांत ‘गप्प बसा’ म्हणू नका. अपमान झालेला माणूस दुप्पट ओरडतो. तरीही थांबले नाही तर आयोजकाला कळवायचे. आयोजक खेळ थांबल्यावर रेफरीला सांगतो आणि ती व्यक्ती मैदानाबाहेर जाईपर्यंत खेळ सुरू होत नाही. पुढे जाणे धोक्याचे वाटले तर रेफरी सामना तिथेच संपवू शकतो.

प्रतिनिधी निवडताना एक चूक फार होते : मोकळा वेळ आहे म्हणून भिडस्त माणसाला जाकीट देतात. आणि ओरडणारा त्याचाच साडू निघतो. ज्याचा शब्द लोक ऐकतात अशी आजी किंवा वडीलधारे काका असतील तर फार उत्तम.

शिवी दिली, किंवा जातीवरून, चेहऱ्यावरून बोलले तर?

तिथे पायऱ्या नाहीत. ती व्यक्ती लगेच मैदान सोडते. भारतात रग्बी ओडिशातल्या आदिवासी भागांतल्या मुला-मुलींनी आणि कोलकात्याच्या वस्त्यांतल्या मुलांनी मोठी केली आहे. आपल्या मैदानावर आलेल्या कोणत्याही पाहुण्या मुलाला त्याचा रंग, भाषा, गाव किंवा आडनाव यावरून एक शब्दही ऐकू येता कामा नये. मुलींच्या सामन्यात कपड्यांवरून किंवा अंगावरून शेरे, बाई रेफरीला ‘घर जाओ’, हेही त्यातच आले. आणि मराठीत हळूच बोलले तर कळणार नाही असे समजू नका. इंदूरमध्ये मराठी सगळ्यांना समजते.

मोबाइलमध्ये सगळे रेकॉर्ड आहे. रेफरीला दाखवू का?

मुलांच्या सामन्यात व्हिडिओ पंच नसतो आणि सामन्यात किंवा नंतर रेफरीसमोर मोबाइल धरायचा नाही. शिवाय तो व्हिडिओ वाटतो तितका खरा नसतो. ऑफसाइडची रेषा मैदानाच्या आडवी असते. तिच्या अगदी सरळ रेषेत उभे राहिल्याशिवाय कोण पुढे आहे ते कळत नाही. तुम्ही वीस मीटर बाजूला असाल तर तिरक्या कोनातून मागचा खेळाडूही पुढे दिसतो.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रेफरीच्या निर्णयाची क्लिप टाकायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून टाका. २०२३च्या रग्बी विश्वचषकाची अंतिम लढत सांभाळणारे रेफरी वेन बार्न्स त्यानंतर काही दिवसांतच निवृत्त झाले आणि ऑनलाइन शिवीगाळ व धमक्या त्यांच्या कुटुंबापर्यंत पोहोचल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. १११ कसोटी (रग्बीत म्हणजे आंतरराष्ट्रीय) सामन्यांचा अनुभव असलेल्या माणसाची ही गत, तर शनिवारी सकाळी स्वतःच्या स्कूटरवर येणाऱ्या रेफरीने काय करावे? क्लिप प्रशिक्षकाला शिकवण्यासाठी द्या. दुसऱ्यांच्या मुलांचे व्हिडिओ त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

निर्णय खरेच चुकला असेल तर तक्रार कुठे करायची?

सामना संपल्यावर २४ तास थांबा. मग क्लबच्या समन्वयकाला लेखी द्या : कोणता सामना, कोणत्या डावाचे साधारण कितवे मिनिट, मैदानाचा कोणता भाग, तुम्ही कुठे उभे होतात, काय पाहिले. ‘रेफरी पक्षपाती होता’ एवढे लिहिलेत तर त्यावर कोणालाच काही करता येत नाही. सुरक्षेची बाब, उदाहरणार्थ सतत होणारे उंच टॅकल, असेल तर ठळक लिहा, कारण तिच्यावर लगेच काम होते. निकाल बदलणार नाही हे धरूनच लिहा. चाललेल्या खेळात निर्णय बदलण्याची वेळ येते ती बहुधा टच जजने चेंडू बाहेर गेल्याचा झेंडा उचलला तर.

रेफरी स्वतःच सोळा वर्षांचा पोरगा आहे. त्याला काय कळते?

टॅग रग्बी किंवा टच रग्बीत (टॅकलऐवजी कमरेची पट्टी ओढायची किंवा नुसता हात लावायचा) दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मोठी मुले रेफरी असतात आणि असायलाच हवीत. रेफरी तिथेच घडतात. त्याला नियम बहुतेक पालकांपेक्षा जास्त येतात. येत नाही ते एवढेच, की चाळिशीच्या माणसाच्या ओरडण्याला उत्तर कसे द्यायचे. अशा रेफरीच्या दंडावर ठळक रंगाची पट्टी बांधा, म्हणजे तो अल्पवयीन आहे हे सगळ्यांना दिसेल. त्याच्यापाशी एक अनुभवी मोठा माणूस ठेवा, मैदानाबाहेर पण हाकेच्या अंतरावर. पहिले चार-सहा सामने त्याला दुसऱ्याच क्लबच्या मुलांचे द्या. आपल्या क्लबच्या ओळखीच्या काकांसमोर निर्णय देणे त्याला जास्त जड जाते. मध्यंतरात एकच सुधारणा सांगा, चार नाहीत.

सामना संपल्यावर काय करायचे?

दोन्ही संघ समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकांना टाळ्या वाजवत त्यातून जातात, मग रेफरी आणि टच जजशी हात मिळवतात. हरलेला संघ रुसून गेला तर प्रशिक्षकाने परत आणावे. पोहे-जिलेबीची पहिली प्लेट रेफरीला द्या; त्याला रांगेत उभे करू नका. त्याची पिशवी आणि पाणी आयोजकांच्या टेबलाजवळ ठेवा, पालकांच्या बाजूला नाही, म्हणजे गाडीपर्यंत जाताना त्याला गर्दीतून वाट काढावी लागणार नाही. मानधन ठरले असेल तर ते पाकिटात, सामन्याआधीच. निकालानंतर दिलेले पैसे दोन्ही संघांच्या डोळ्यांत खुपतात.

मला स्वतःला रेफरी व्हायचे असेल तर?

वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर नियमांचे आणि ‘रग्बी रेडी’ नावाचे सुरक्षेचे प्रशिक्षण विनामूल्य आहे. आधी ते पूर्ण करा. मग दोन-तीन आठवडे नुसते टच जज व्हा. हातात झेंडा घेऊन रेषेवर उभे राहिले की आत किती वेगाने सगळे घडते ते कळते. त्यानंतर बारा वर्षांखालच्या टॅग सामन्यांपासून सुरुवात. साहित्य फार लागत नाही : दोन शिट्ट्या (एक ओली झाली की दुसरी), घड्याळ, नाणे, पिवळे आणि लाल कार्ड, पेन्सिल, आणि दोन्ही संघांच्या जर्सीपेक्षा वेगळ्या रंगाचा शर्ट. एप्रिलपासून उन्हाचा तडाखा वाढतो, तेव्हा सकाळी सातचे सामने घ्या आणि पाण्यासाठी खेळ केव्हा थांबवणार हे दोन्ही प्रशिक्षकांना आधीच सांगून ठेवा.